गरिबाचे तोंड म्हणजे फळा नव्हे!

जपानमधील दंतवैद्यकाचे विद्यार्थी यंत्रमानवावर हात बसवू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. २००७ साली तेथे ‘सिमरॉइड’ हा यंत्ररुग्ण लोकांसमोर आला. २०१० साली टोकियोच्या शोवा विद्यापीठाने ‘शोवा हानाको’ पुढे आणली. तिची जीभ हलती, डोळे मिटणारे. ती खोकते, शिंकते, घशाशी काही लागले की उबळ आल्यासारखे करते. सिमरॉइड तर चुकीच्या जागी अवजार लागले की ‘दुखतंय’ म्हणते. डॉक्टरला समोरच्याची वेदना कळली पाहिजे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप!

आपल्याकडे काय? सांगलीत आणि कराडजवळ मलकापुरात खासगी दंत महाविद्यालये आहेत. सातारा-सांगलीची गरीब माणसे तेथे कमी खर्चात उपचार मिळतात म्हणून येतात. देशभरातल्या दंत महाविद्यालयांत विद्यार्थी आधी ‘फँटम हेड’वर, म्हणजे निर्जीव डोक्यात बसवलेल्या दातांवर शिकतो. ते डोके ओरडत नाही. तिसऱ्या वर्षी तो जिवंत माणसाच्या तोंडाशी येतो. हा माणूस कोण? खासगी दवाखान्याची फी ज्याला झेपत नाही तो. ऊसतोड कामगार, शेतमजूर बाई, मिश्री लावून हिरड्या झिजलेली आजी, वस्तीतला गवंडी. यांनी जबडा उघडला म्हणून आजवर डॉक्टर तयार झाले. समाजावर त्यांचे हे ऋण आहे. पण ‘बाबा, आज तुमच्यावर विद्यार्थी काम करणार आहे, चालेल का?’ असे त्यांना प्रत्येक वेळी विचारले जाते काय, हा आमचा सवाल आहे. आमचा माणूस दुखले तरी खुर्चीचा दांडा घट्ट धरून गप्प बसतो. साहेबापुढे बोलायचे नाही, हे त्याला पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले आहे.

हे शिक्षण कोठून आले? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. त्या शालेय दिवसांत त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी १९२९ सालची काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगतही दिली आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. ते परतही त्याच वाटेने गेले. बाई दगावली. डॉक्टरकडे विद्या होती, पण स्पर्श नव्हता!

म्हणून यंत्ररुग्णाचे आम्ही स्वागतच करतो. विद्यार्थ्याच्या पहिल्या चुका यंत्रावर होऊ द्या, गरिबाच्या हिरडीवर नकोत. मात्र यंत्राला जात नसते, म्हणून त्यावर शिकलेल्या हातातली जात आपोआप गळून पडेल, या भ्रमात कोणी राहू नये. रुग्णाला नावाने आणि मानाने हाक मारणे, काय करणार ते मराठीत समजावणे, दुखले तर थांबणे, हे शिकवायला शिक्षकच उभा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या खुर्चीत आमचा माणूस बसतो. खुर्चीशेजारी अवजार घेऊन आमची लेक कधी उभी राहणार? ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले, त्यामुळे खासगी संस्थांतही राखीव जागांचा कायदा करता येतो. तरीही अभिमत विद्यापीठांतील वैद्यकीय व दंत प्रवेशांत अनुसूचित जातींना आरक्षण मिळत नाही, आणि तेथील फी मजुराच्या आवाक्याबाहेरची आहे. उद्या यंत्ररुग्ण आणला म्हणून फी आणखी वाढवली, तर यंत्र गरिबाच्या जबड्यासाठी आले की त्याच्या लेकराला दाराबाहेर ठेवण्यासाठी, हे विचारावेच लागेल. हा खर्च संस्थांनी आणि शासनाने उचलावा. शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी.

आणि आमच्या बांधवांनो, भगिनींनो, दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडाल तेव्हा फक्त दात दाखवण्यासाठी उघडू नका. काय करणार, कोण करणार, हे विचारण्यासाठीही उघडा. तो तुमचा हक्क आहे.