भोकाड पसरण्याआधी

हळद शिजवायचे दिवस. वसमतकडच्या शेतात मोठी माणसं कढईवर जुंपलेली, आणि बांधावर अडीच वर्षांचं पोर आजीकडे मोबाईल मागतंय. आजी ‘नाही’ म्हणते. पोर किरकिरतं, आजी ओरडते. पोर मातीत लोळण घेतं, आजी धपाटा घालते. मग ते भोकाड पसरतं आणि आजी मुकाट्याने मोबाईल देते. दोघंही एकदम शांत.

या शांततेतच सगळं घडतं. किरकिरीने भागत नाही, भोकाडच पसरावं लागतं, हे पोराला कळलं. दिलं की गप्प बसतं, हे आजीला कळलं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरच्या नोंदींतून नेमकी ही देवघेव उलगडली आणि १९८२ मध्ये ग्रंथात मांडली. ती रोज घडत राहिली, की पोर तोच धडा घेऊन अंगणवाडीत येतं आणि आपण अंगणवाडीताई त्याला ‘हट्टी’ म्हणून मोकळ्या होतो.

ताई, मारणं-चावणं पोर बाहेरून शिकून येतं, हा समजही तपासायला हवा. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांच्या अभ्यासांत मारकुटेपणा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सर्वांत जास्त दिसला. शब्द तोकडे असतात, तेव्हा हात आणि दात पुढे येतात. पोराला शिकायचं असतं ते न मारणं, आणि तेच शिकायचं वय आपल्या चटईवर बसलेलं असतं.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, की काही मुलं त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, जातात, काही आजीपाशी राहतात. परतल्यावर घरातले नियम पुन्हा बदलतात. आज कोणाचं चालतं, हे ते पोर चाचपून बघणारच. त्याला खोडकर ठरवायची घाई मला अन्यायाची वाटते.

आणि हाक मारली तरी पोर बघत नसेल, तर आधी कान बघा. कान वाहतोय का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी ते मूल हजर राहील, एवढं पाहा.

वजनाच्या दिवशी आजी येईल. चारचौघींत नको, जरा बाजूला घेऊन तिला सांगा : द्यायचंच असेल तर पहिल्या मागण्याला द्या, नाहीतर रडलं तरी देऊ नका. पहिले काही दिवस रडणं वाढू शकतं, हेही तेव्हाच सांगून ठेवा.