पाणंदीचा चिखल आणि टायरवरचे आकडे

आपल्या जिल्ह्यात ज्या घरासमोर पिकअप उभी असते, त्या घराची चूल बहुधा तिच्यावरच पेटते. पहाटे भाजी भरून मार्केट यार्ड, दुपारी कुणाचे बांधकामाचे साहित्य, हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे, लग्नसराईत मंडपाचे सामान. गाडी चार दिवस उभी राहिली की घरातले सगळे हिशेब चुकतात. शाळेत फी भरायला येणाऱ्या पालकांच्या तोंडून आम्ही हे दरवर्षी ऐकतो. म्हणून या महिन्यात घरखर्चातल्या अशा एका खरेदीविषयी लिहीत आहोत, जिच्याकडे घरातील स्त्रिया आणि मुले सहसा पाहत नाहीत. ती खरेदी म्हणजे पिकअपचे टायर.

विषय सुचला तो एका विद्यार्थ्याच्या आईमुळे. फीची मुदत वाढवून मागताना त्या म्हणाल्या, "पोरांच्या अब्बांनी चारी टायर बदलायचं काढलंय. दुकानदार म्हणतोय, जाड नक्षीचं घाला, डोंगरात पण जात्यात. आमाला डोंगरात कुठं जायचंय? भाजी भरायला पाणंदीनं दोन किलोमीटर आत जायचं, एवढंच. तुमी शिकल्यालं माणूस, तुमीच सांगा, एवढं पैसं घालायचं का?"

प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. आधी हे टायर काय आहेत ते समजून घेऊ.

दुकानात चारचाकीच्या टायरची साधारण तीन घराणी दिसतात. पहिले एचटी, म्हणजे डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यासाठीचे. यांची नक्षी बारीक व सलग असते, आवाज कमी, डिझेल कमी. दुसरे एमटी, म्हणजे चिखलासाठीचे. मोठमोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा. हे चिखलात चालतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर लवकर झिजतो. तिसरे एटी, म्हणजे ऑल-टेरेन. हे दोघांच्या मधले आहेत. डांबरावर बऱ्यापैकी आणि कच्च्या वाटेवर बऱ्यापैकी. दुकानदार ज्यांना जाड नक्षीचे म्हणतात ते बहुधा हेच.

आता त्या घराची गाडी रोज कुठे फिरते ते पाहू. समजा दिवसाला ६० किलोमीटर होतात. त्यात पाणंदीचे जाऊन-येऊन चार. म्हणजे शंभरातले सहा-सात किलोमीटर मातीचे आणि बाकीचे डांबराचे. नुसता हा हिशेब मांडला तर एटी टायरची गरज नाही असे वाटेल. पण त्या चार किलोमीटरमध्ये गाडी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, भाजी उशिरा पोहोचते, भाव पडतो. त्यामुळे किलोमीटरची संख्या पाहताना अडकल्यावर किती नुकसान होते हेही शेजारी मांडले पाहिजे. एटी टायर घेण्याला आधार आहे तो इथे. मात्र माती कोणती, हे आधी विचारायला हवे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या माती आहेत. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले भागात काळी जमीन. ती भिजली की टायरच्या खाचांत चिकटून बसते. दहा-पंधरा फुटांत खाचा भरतात आणि टायर वरून गुळगुळीत होतो. एमटी टायर रुंद खाचांमुळे चिखल फेकून देतो. एटी टायर थोडा फेकतो, पण सतत पावसात भिजलेल्या काळ्या रानात तोही हतबल होतो. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, तो येईपर्यंत भरलेली गाडी आत घालूच नये. तिथे माल सडकेपर्यंत डोक्यावरून किंवा बैलगाडीने आणणे स्वस्त पडते.

पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागात तांबडी माती आणि जांभा दगड. तिथे पाऊस पूर्वेच्या कितीतरी पट, पण पाणी वाहून जाते आणि खाली कठीण थर असतो. अशा वाटेवर एटी टायर खरोखर कामाला येतो. त्याचे ठोकळे खडीवर पकड घेतात आणि जाड रबर धारदार दगडाने सहज कापले जात नाही. मात्र जांभ्यावर शेवाळ धरले की कोणताही टायर घसरतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका होतो आणि चाके जागेवरच फिरतात. एटी टायर बसवला म्हणून अशी गाडी चारही चाकांनी ओढणारी होत नाही. पकड थोडी वाढते, एवढेच.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. गिऱ्हाईक नक्षी पाहते. पण टायर ओझे पेलणार की नाही, हे त्याच्या बाजूवर छापलेल्या बारीक आकड्यांत असते. ते वाचायला सातवीचे गणित पुरते.

समजा बाजूवर लिहिले आहे: २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. याच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ १०० एस. अक्षर वेगमर्यादेचे, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, आपल्याला त्याची चिंता नाही. चिंता आहे ती आधीच्या आकड्याची. तो भाराचा निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलावे. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो.

आता उदाहरण सोडवू. भरलेल्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर १,८०० किलो भार येतो असे धरा. चाके दोन, म्हणजे प्रत्येकी ९०० किलो. इथे किमान १०४ निर्देशांक हवा. दुकानात त्याच मापाचा, देखण्या नक्षीचा एटी टायर मिळतो, पण तो माणसे नेणाऱ्या जीपसाठी बनवलेला असतो आणि त्यावर १०० लिहिलेले असते. माप तेच, रिमवर नीट बसतो, गाडी रुबाबदार दिसते. पण प्रत्येक टायरवर रोज १०० किलो जास्त भार. असा टायर आतून तापत राहतो आणि उन्हाळ्यात हायवेवर किंवा घाटात फुटतो.

म्हणून पिकअपसाठी टायर घेताना मापाजवळ एलटी किंवा सी ही अक्षरे आहेत का ते पाहावे. हलक्या मालवाहू गाडीसाठी बांधलेला टायर म्हणजे तो. पीआर हा आकडाही पाहावा. ८ पीआर, १० पीआर असे लिहिलेले असते. पूर्वी तो कापडाच्या थरांची संख्या सांगे, आता तो ताकदीची पायरी सांगतो. कधी ११२/११० असे दोन आकडे असतात. त्यातला पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. पिकअपची मागची चाके एकेरी, म्हणून पहिला धरावा. गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या चिकटपट्टीवर कंपनीने हवा आणि टायरचे माप सांगितलेले असते. निर्देशांक त्याहून कमी कधीही घेऊ नये.

त्याच बाजूवर आयएसआयचे चिन्ह असते; व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे. शिवाय एका चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असे असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सवलतीत मिळणारा टायर अनेकदा दुकानात वर्षानुवर्षे पडलेला असतो. रबर वापर नसतानाही म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर ठेवू नये.

काही एटी टायरवर डोंगर आणि बर्फाच्या कणाचे चिन्ह असते. बर्फाळ देशांत ते उपयोगाचे. गगनबावड्यात कितीही थंडी पडली तरी त्या चिन्हासाठी जादा पैसे मोजायचे कारण नाही. आपल्याला बर्फाऐवजी पाऊस पाहायचा आहे. म्हणून ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का ते बघा. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर तोडण्याचे काम त्या करतात. नुसते मोठे, कोरे ठोकळे दिसायला दणकट, पण करूळच्या घाटात जुलैच्या पावसात भरली गाडी उतरवताना या चिरांचा आधार वाटतो.

मोठे माप बसवण्याचा मोह तरुण पोरांना फार. २१५ ऐवजी २३५ चा बसवला, बाकी आकडे तेच ठेवले, तर चाकाचा घेर सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास धावत असते. चढावर इंजिनाला जास्त ओढावे लागते, वळताना टायर मडगार्डला घासतो, आणि कंपनीने न सांगितलेले माप म्हणून पासिंगच्या किंवा विम्याच्या वेळी प्रश्न निघू शकतो.

आता पैशाचे. समजा एटी टायर ८,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरला २० पैसे, चार टायरचे ८०. एचटी टायर ६,५०० रुपयांचा आणि ५०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरला १३ पैसे, चारांचे ५२. फरक २८ पैसे. रोज ६० किलोमीटरला जवळपास १७ रुपये, महिन्याच्या २५ दिवसांना सव्वाचारशेच्या आसपास. वर थोडे जादा डिझेल. हे आकडे आम्ही केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातला भाव आणि आपल्या मागच्या टायरचा अनुभव घालून करा. मग विचारा, वर्षाकाठी गाडी किती वेळा रुतते आणि दर वेळी काय जाते? दोन रकमा शेजारी मांडल्या की निर्णय घरात बसून होतो, दुकानात नव्हे.

त्या विद्यार्थ्याच्या आईला आम्ही हेच गणित पाटीवर करून दाखवले. त्यांची गाडी आठवड्यातून दोनदा घाट उतरून कोकणात भाजी नेते आणि पाणंद तांबड्या मातीची आहे. अशा गाडीला सौम्य नक्षीचे, बारीक चिरांचे, एलटी बांधणीचे एटी टायर शोभतात. पण चारी टायर एकदम बदलण्याची गरज नव्हती. पुढचे दोन अजून चांगले होते. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, म्हणजे ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू फेकली जात नाही. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे किंवा वेगळ्या बांधणीचे टायर मात्र नकोत. उरलेल्या दोघांसाठी दर महिन्याला भिशीतून थोडी रक्कम बाजूला काढायची. व्याजाचा हप्ताही नको आणि मुलाची फीही अडकायला नको.

टायर कोणताही घेतला तरी हवा नीट नसेल तर पैसे पाण्यात. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. चिखलात जाताना हवा कमी करावी असा सल्ला ऐकू येतो. तो हौसेने डोंगरात फिरणाऱ्या रिकाम्या गाड्यांसाठी ठीक आहे. भरलेल्या पिकअपने तसे करून पुन्हा हायवे धरला, तर कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळी घाटात फिरणाऱ्या गाडीने तिथपर्यंत थांबू नये, तीन मिलिमीटरलाच बदलावा. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकांना तर अजिबात घालू नये.

भांगलणीच्या दिवसांत बायामाणसे पिकअपच्या हौद्यात बसून रानात जातात, तेही या निमित्ताने लिहिणे भाग आहे. ती गाडी मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि कायदाही तेच सांगतो. कोणत्याही टायरने ही जोखीम कमी होत नाही. मालकाने स्वतःहून नको म्हणावे.

मृग लागायच्या आधी एका सकाळी घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला वहीपेन्सिल घेऊन गाडीपाशी बसवा. चारी टायरवरचे आणि स्टेपनीवरचे माप, भाराचा आकडा, बनल्याचा आठवडा आणि वर्ष उतरवून घ्यायला सांगा. पाच ओळींचा तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. दुकानात जाताना तो सोबत असला की बोलणे नक्षीपासून सुरू न होता आकड्यांपासून सुरू होईल.