फटफटीच्या चाकांतील औषध

भर उन्हांत शेतावरून परततांना, किंवा अमरावतीहून मूर्तिजापुराकडे जातांना, फटफटीचें मागील चाक बसलें म्हणजे माणसाची कशी त्रेधा उडते, हें वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवा भरलेल्या टायराचें पेटंट घेतलें. त्या शोधानें प्रवास मऊ झाला. पण बाभळीच्या एका काट्यानें चाक बसूंही लागलें. २०२२ च्या जूनमध्यें अमरावती व अकोला यांच्यामधील महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम झाला. तथापि उत्तम रस्त्यावरही खिळा पडलेला असतो, आणि शेतवाटेस तर काटा ठरलेलाच.

यावर उपाय म्हणून हल्लीं वॉल्व्हमधून सीलंट नांवाचा द्रव चाकांत घालतात. कोणी त्यास थोतांड म्हणतात. कोणी तो घातला कीं चिंता मिटली असें मानतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. त्या द्रवांत बारीक तंतु असतात. चाक फिरूं लागलें कीं तो आंतून पसरतो, आणि भोक पडतांच बाहेर निसटणारी हवाच त्या तंतूंस भोकांत ओढून बूच बसविते. युक्ति खरोखर सुंदर आहे. परंतु जमिनीस टेकणाऱ्या भागांतील लहान भोकापलीकडे तिची सत्ता चालत नाहीं. टायराची बाजू चिरली किंवा ट्यूब फाटली, तर ती निरुपयोगी. शिवाय कालांतरानें द्रव सुकतो, तो वेगळाच.

खरा धोका मात्र याहून सूक्ष्म आहे. द्रवामुळें पंक्चर झाल्याचें कळतच नाहीं. खिळा तसाच आंत राहतो, हवा हळूहळू उतरते, आणि मागें बायको व मूल बसलेलें असतांना भर वेगांत चाक दगा देतें. जो दोष दिसत नाहीं, त्याची दुरुस्ती कोण करणार?

म्हणून पालकांस आमचें सांगणें असें कीं, द्रव अवश्य घालावा. पण तो मुक्कामीं पोंचण्यापुरता सोबती समजावा. काटा शोधून पंक्चरवाल्याकडून पक्कें काम करून घ्यावें, आणि चाकांत द्रव असल्याचें त्यास आधींच सांगावें; कारण आंतील चिकटा धुतल्याशिवाय ठिगळ धरत नाहीं. विद्यार्थ्यांनींही आठवड्यांतून एकदां, गाडी उभी असतांना, वडिलांच्या फटफटीचीं चाकें फिरवून पाहावींत. पांच मिनिटांचें काम आहे. त्यावर घरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो.