नकली यंत्र, अस्सल साधन

१/
उत्तन-डोंगरी परिसरातील तारोडी हे गाव धारावी बेटावर वसले आहे. (मुंबईतील धारावी वस्ती ती वेगळी.) इतिहासप्रेमींना हे बेट आठवते ते १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेमुळे. किल्ल्याचे अवशेष, जुनी चर्चे, पोर्तुगीज कागदपत्रे आणि मराठी पत्रव्यवहार या साधनांवरून या भूभागाचा इतिहास लिहिला जातो. हा धागा मात्र आणखी एका साधनाविषयी आहे. ते तारोडीसारख्या गावातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या पोटमाळ्यावर सापडू शकते. ते साधन म्हणजे नव्वदच्या दशकात घरात आलेला टीव्ही गेम.

२/
‘तुमच्या संग्रहातला सर्वांत जुना व्हिडिओ गेम कोणता?’ हा प्रश्न जगभरचे संग्राहक एकमेकांना विचारतात. अमेरिकन माणूस १९७७ च्या अटारीचे नाव घेतो, जपानी माणूस १९८३ च्या फॅमिकॉमचे. मराठी घरातले उत्तर बहुधा असे येते: ‘मारिओ होता, कॉन्ट्रा होता, पिवळी कॅसेट होती.’ पाठोपाठ काहीशा संकोचाने पुस्ती जोडली जाते: ‘पण तो ओरिजिनल नव्हता, डुप्लिकेट होता.’ इतिहासाच्या दृष्टीने हा संकोच अनाठायी आहे. ते डुप्लिकेट यंत्र हेच इथल्या खेळाच्या इतिहासाचे प्राथमिक साधन आहे, आणि संकोचापायीच ते भंगारात जात आहे.

३/
आधी कालक्रम पाहू. घरच्या टीव्हीला जोडण्याचा पहिला व्यावसायिक गेम, मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या यंत्रासोबत रंगीत पारदर्शक पडदे मिळत, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे अमेरिकेत टीव्हीला खेळणे जोडले जात होते, तेव्हा मुंबईत टीव्ही नुकताच अवतरत होता. मराठी घरातला ‘सर्वांत जुना’ गेम तुलनेने उशिराचा का, याचे पहिले कारण इथे सापडते.

४/
भारतात रंगीत प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने. पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम विक्रीस आणला. १९८५ मध्ये त्यावर सुपर मारिओ ब्रदर्स आला. या काळात भारतात परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर परवान्यांची व जबर आयातशुल्काची बंधने होती. अशी वस्तू घरात येई ती बहुधा परदेशी नोकरी करणाऱ्या काकाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईतल्या मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून. बहुसंख्य घरांत फॅमिकॉम आला तो निन्टेन्डोचे नाव न लावता, त्याच्या नकलेच्या रूपाने.

५/
या नकला कशा बनत, हे समजून घेण्याजोगे आहे. मूळ यंत्रात मुख्य प्रक्रिया आणि चित्रनिर्मिती यांसाठी स्वतंत्र चिप होत्या. नकलाकारांनी कालांतराने हे सारे काम एकाच चिपमध्ये कोंबले. असे यंत्र उघडले, तर आत एक छोटी पाटी आणि तिच्यावर काळ्या राळेचा घट्ट थेंब दिसतो. त्या थेंबाखाली अख्खे यंत्र असते. खर्च असा उतरला, म्हणूनच हे खेळणे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले.

६/
कॅसेटची गोष्ट याहून रंजक आहे. वर ‘९९९९९९९ इन १’ असा आकडा छापलेला, आत वेगळे खेळ मोजकेच. तेच खेळ नावे बदलून किंवा पुढच्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत येत. अनेक खेळांच्या आरंभीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष पुसून टाकलेले असे. पोरांनी मग स्वतःची नावे रूढ केली: टँकचा गेम, गाडीचा गेम, बदकांचा गेम. नाव पुसणारा हात, यादी फुगवणारा हात आणि नवे नाव देणारे तोंड, या तिन्हींच्या खुणा त्या एका वस्तूत आहेत. मूळ जपानी कॅसेटमध्ये यातली एकही खूण सापडणार नाही.

७/
पहिला आक्षेप साहजिक आहे: ही तर चोरी; तिला इतिहासाची प्रतिष्ठा कशाला? ज्यांनी खेळ रचला त्यांना या विक्रीतून मोबदला मिळाला नाही, हे खरेच आहे आणि ते लपवू नये. परंतु वस्तूची नैतिकता आणि तिचे पुराव्याचे मोल या दोन स्वतंत्र बाबी आहेत. खोटे नाणे हे टांकसाळीच्या दृष्टीने गुन्हा असते. इतिहासकाराला मात्र ते बाजारात कोणत्या नाण्याला पत होती, हे सांगते.

८/
आणि प्रतीचे मोल महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवावे, असे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. व्यासांची मूळ पोथी कोणाजवळच नव्हती. हजाराहून अधिक हस्तलिखिते होती आणि त्यांत पाठभेद, गाळलेले श्लोक, घुसडलेले अध्याय होते. संपादकांनी त्या भेदांचीच नोंद केली. मुख्य संहितेतून वगळलेला भागही टीपांत आणि परिशिष्टांत जपला. लेखनिकाने केलेली भर हा त्याच्या प्रदेशाचा व काळाचा पुरावा असतो, हे तत्त्व त्यामागे होते. पिवळ्या कॅसेटमधली भर आणि गाळणूक याच न्यायाने वाचता येते.

९/
इथे एक मुद्दा पद्धतीचा. अशा वस्तूला दोन तारखा असतात: एक निर्मितीची, दुसरी घरात येण्याची. सुपर मारिओची पहिली तारीख १९८५. एखाद्या भाईंदरच्या घरात तो १९९६ च्या दिवाळीत आला असेल, तर त्या घराच्या इतिहासात १९९६ हीच तारीख महत्त्वाची. संग्राहक सहसा पहिली तारीख लिहितात, कारण ती शोधणे सोपे आणि मिरवायला बरी. खरे संशोधन दुसऱ्या तारखेत आहे. मधल्या ११ वर्षांत परवाना पद्धती सैलावली, १९९१ चे आर्थिक धोरण आले, १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगाची यंत्रे अधिकृतपणे भारतात विकली जाऊ लागली. हे सारे त्या दोन तारखांमधल्या अंतरात मावलेले आहे.

१०/
वस्तू घराविषयीही बोलते. गेम टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडावा लागे. म्हणजे गेम सुरू तर मालिका बंद. टीव्ही कोणाचा, हा प्रश्न त्या एका पिनवर ठरत असे. मूळ फॅमिकॉममध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या रिमोटला ‘स्टार्ट’चे बटणच नव्हते आणि अनेक नकलांनी ही व्यवस्था तशीच उचलली. पहिला रिमोट ज्याच्या हाती, खेळ सुरू करणे त्याच्या मर्जीवर. कोणत्या रिमोटची बटणे जास्त झिजली, बहिणीच्या वाट्याला कोणता आला, आईने कधी खेळून पाहिले का, हे प्रश्न कौटुंबिक इतिहासाचे आहेत आणि त्यांचे निम्मे उत्तर त्या प्लास्टिकवर उमटलेले आहे.

११/
हे साधन नष्ट कसे होते? किनाऱ्यावरची खारी, दमट हवा धातूच्या पट्ट्यांना गंज चढवते. कॅसेट चालली नाही की प्रत्येक मूल तिच्यात फुंकर मारी. प्रत्यक्षात उपयोग होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा. फुंकरीतला ओलावा गंजाला मदतच करत असे. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई परिसरातल्या असंख्य तळमजल्यांतून कागद, फोटो, यंत्रे सारेच चिखलात गेले. त्यातून जे वाचले, ते घराच्या पुनर्विकासाच्या वेळी भंगारवाल्याच्या तराजूत चढले.

१२/
आणखी एक नाश कोणाच्या लक्षातही येत नाही. बदकांच्या खेळातली बंदूक गोळी झाडत नसे, ती प्रकाश टिपत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतला संवेदक तो चौकोन टिपला की नेम लागला असे ठरवी. हा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला होता. सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी ठरते. म्हणजे गेम जपला आणि जुना टीव्ही फेकला, तर अर्धा दस्तऐवज फाडल्यासारखे होते. अडगळीतल्या त्या जड टीव्हीकडेही म्हणूनच साधन या नात्याने पाहायला हवे.

१३/
दुसरा आक्षेप असा: आता सगळे जुने खेळ संगणकावर चालतात, मग डबा कशाला सांभाळायचा? हा समज अर्धाच खरा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतरीत्या मिळत नाहीत. जे अनधिकृतपणे जपले जाते, त्यातही मान असतो तो मूळ आवृत्तीला. ‘९९९९९९९ इन १’ची फुगवलेली यादी, पुसलेली नावे, कॅसेटवर मार्करने लिहिलेला भाड्याचा क्रमांक यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. संगणकावर खेळ शिल्लक राहतो, घर राहत नाही.

१४/
मग हे काम संस्थांनी करावे, असे म्हणता येईल. कायद्याची स्थिती मोठी मौजेची आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात संगणकीय आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’त होतो. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. तो कायदा पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा. खेळाच्या वाट्याला असे कपाट नाही. कायद्याने साहित्य, व्यवहारात रद्दी!

१५/
हे दुर्लक्ष किती महाग पडते, ते चित्रपटांनी दाखवले आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३३ वर्षांनी. तोवर चित्रपट ही ‘करमणूक’ होती, जपण्याची वस्तू नव्हती. व्हिडिओ गेम आज नेमके त्याच वयाचे आहेत. नव्वदच्या दशकातल्या कॅसेटला ३० वर्षे होऊन गेली.

१६/
संस्था जागी होईपर्यंत खाजगी संग्रहच तारतात. पुण्यातील दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ता कारागिराने कोणत्या मूळ नमुन्यावरून घडवला, हा प्रश्न तिथे कोणी लाजेने विचारत नाही. तो कोणाच्या तरी पानाच्या तबकात होता, एवढे पुरते. टीव्ही गेमलाही हीच कसोटी लावावी.

१७/
तरुण इतिहासप्रेमींनी करण्याजोगे काम सोपे आहे. गेम कोणी आणला, कुठून, कोणत्या साली, किती रुपयांना, कोणत्या टीव्हीला जोडला, कोण खेळे आणि कोणाला खेळू देत नसत, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवावे. उत्तर ईस्ट इंडियन बोलीत मिळाले तर त्याच बोलीत, कोळी बोलीत मिळाले तर तसेच उतरवावे. प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नये. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे आणि खेळांच्या यादीचे छायाचित्र घ्यावे. मार्करचे अक्षर, दुकानाची चिठ्ठी, गुंडाळलेली चिकटपट्टी पुसू नये. यंत्र कोरड्या जागी ठेवावे आणि नोंदीवर दोन्ही तारखा घालाव्यात.

१८/
धारावी बेटावरचा अठराव्या शतकातला पत्रव्यवहार टिकला, कारण कोणीतरी तो दप्तरात बांधून ठेवला. ठेवणाऱ्याला तो ‘इतिहास’ वाटलाच असेल असे नाही. बहुतेक वेळा तो नुसता हिशेब होता. पोटमाळ्यावरचा डबाही आज नुसता डबा आहे. त्याच्याविषयी सांगू शकणारी पिढी अजून घरात आहे, जेवणाच्या ताटावर भेटते. येत्या रविवारी तिला एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘आपल्याकडे तो गेम होता, तो कुठे गेला?’