लेणी जगाची; बेट कोणाचे?

गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर असलेल्या घारापुरी बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. स्वातंत्र्य मिळून तोवर सत्तर वर्षे उलटली होती, आणि १९८७ साली युनेस्कोने येथील लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिल्यालाही तीस वर्षे होऊन गेली होती. रात्री या बेटावरून मुंबईचा झगमगाट नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या तीन गावांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आणि स्वतःच्या घरांत मात्र संध्याकाळचे काही तास जनरेटरच्या उजेडावर भागविले. अखेर समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून हा प्रश्न सुटला. इतके शक्य कोटीतले काम इतकी वर्षे का रखडले, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडावयाचे नाही. ते आपल्या विकासाच्या कल्पनेतच शोधावे लागेल.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांनी अरबी समुद्रातील एका बेटाची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या वेरूळच्या डोंगरातच कोरलेले आहे. वेरूळचे एकोणतिसावे लेणे, म्हणजे आपले धुमार लेणे, आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांची आखणी सख्ख्या भावंडांसारखी आहे. कैलास हलवू पाहणारा रावण दोन्हीकडे आहे, शिवपार्वतीचा विवाहसोहळाही दोन्हीकडे आहे. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी वेरूळला सापडली, तशीच घारापुरीलाही. सहाव्या शतकात कोकणचा किनारा आणि घाटमाथा एका शिल्पपरंपरेने असे बांधले गेले होते. तेव्हा घारापुरीचे सुखदुःख आम्हांस परके नाही.

या बेटाचा पुढील इतिहास मात्र बहुतांशी येऊन पाहणाऱ्यांचा आणि घेऊन जाणाऱ्यांचा आहे. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहिला आणि बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. लेण्यातील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला, अशी नोंद त्यांच्याच इतिहासकाराने करून ठेवली आहे; त्या शिलालेखाचा थांग आजतागायत लागलेला नाही. पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो हत्तीच विलायतेला नेण्याचा घाट घातला. उचलताना त्याचे तुकडे झाले म्हणूनच तो इथे राहिला, आणि आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्तीही बेटावर उरला नाही!

परकीयांना दोष देणे सोपे आहे. पण स्वराज्यात तरी काय घडले? पर्यटन महामंडळाने एलिफंटा महोत्सव भरविला. नामांकित कलावंतांच्या मैफलींसाठी बेटावर दिव्यांची आरास झाली. महोत्सव संपला की पाहुणे बोटीत बसले आणि गाव पुन्हा काळोखात गेले. पाहुण्याला जेट्टीवरून पायथ्याशी नेण्यासाठी चिमुकली आगगाडी आली. गावातला रुग्ण रात्री अत्यवस्थ झाला तर त्याला होडीवाचून गती नाही. संध्याकाळी परत जाणाऱ्याची सोय आधी आणि रात्री तेथेच राहणाऱ्याची मागाहून, हा आपल्या पर्यटनविकासाचा अलिखित नियम होऊन बसला आहे.

या नियमाने पाहुण्याचे तरी कल्याण झाले काय? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटांची सक्ती झाली. ही सक्ती करण्यासाठी इतक्या प्रेतांची वाट पाहावयास नको होती. बेटवासीयाची ये-जा ज्या जलमार्गाने रोज होते, तो त्याच्यासाठी वेळीच निर्धोक केला असता, तर पाहुणाही अधिक सुरक्षित राहिला असता.

पर्यटन नको, असे आमचे म्हणणे नाही. घारापुरीच्या कित्येक घरांची चूल पाहुण्यांच्या येण्यावर पेटते, हे आम्ही जाणतो. आमचा आक्षेप क्रमाला आहे. लेण्यांच्या तिकिटाचा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो. ग्रामपंचायतीच्या वाट्याला प्रवासी कराची चिल्लर उरते. शिवडीपासून बेटापर्यंत आठ किलोमीटरचा रज्जुमार्ग बांधण्याचे बेत जाहीर होतात, परंतु कोणत्याही वेळी हाताशी असणारा डॉक्टर आणि बारमाही पाणी यांच्या घोषणा तेवढ्या उत्साहाने ऐकू येत नाहीत.

स्वतःस महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणवून घेणाऱ्या आपल्या शहराने यातून धडा घ्यावयास हवा. अजिंठ्याला फर्दापूरपाशी खासगी वाहने अडवून पुढे बसने नेण्याची व्यवस्था झाली, ती शहाणपणाचीच होती. परंतु त्याच अजिंठ्याला जपानच्या कर्जातून उभारलेल्या भव्य अभ्यागत केंद्राला थकलेल्या बिलांपायी काही वर्षांतच टाळे लागले, हेही आपण पाहिले. इमारतीचे उद्घाटन म्हणजे विकास, ही समजूत घारापुरीत जितकी घातक, तितकीच येथेही.

लेण्यांच्या गावासाठी होणाऱ्या प्रत्येक योजनेत पहिला खर्च तेथील रहिवाशाच्या पाण्यावर, औषधावर आणि वाटेवर पडावा, आणि तिकिटाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा कायद्याने त्या गावास मिळावा, अशी आमची मागणी आहे. ज्यांनी डोंगर पोखरून ही शिल्पे घडविली, त्यांची नावे इतिहासाने राखली नाहीत. त्या शिल्पांच्या सावलीत आज जी माणसे राहतात, त्यांची नावे तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेत. ती विसरण्याची सबब सरकारपाशी नाही.