चक टेलरचा बूट आणि आपले पाऊल



सुटीत नातवंडे घरी आली की उंबऱ्याबाहेर बुटांची रांग लागते. त्यांत पुष्कळदा एक जोड घोट्यापर्यंत चढणारा, जाड कापडाचा, पांढऱ्या रबरी कडेचा आणि आतल्या बाजूस गोल चकतीत तारा मिरविणारा असतो. नव्या पिढीचा वाटणारा हा बूट वयाने आपणां बहुतेकांहून वडील आहे. त्याची कथा ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावी.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९०८ साली मार्क्विस कॉन्व्हर्स यांनी रबरी पादत्राणांचा कारखाना काढला. १९१७ मध्ये तेथे ‘ऑल स्टार’ हा बूट निघाला आणि लवकरच तो बास्केटबॉलचा बूट म्हणून ओळखला जाऊ लागला. लाकडी मैदानावर पाय घसरू नये म्हणून रबरी तळ आणि घोटा सावरावा म्हणून उंच कापड, अशी त्याची साधी रचना होती. ती गोल चकतीही मुळात शोभेची नव्हे. घोट्याच्या हाडाला मार लागू नये म्हणून ती लावलेली होती. १९२० च्या दशकाच्या आरंभी चक टेलर हा खेळाडू कंपनीत विक्रेता म्हणून आला. मोटारीने गावोगाव फिरून तो मुलांना खेळाचे धडे देई आणि बूटही विकी. पुढे १९३० च्या दशकात त्याचे नाव त्या चकतीवर झळकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकी बास्केटबॉल संघाने हेच बूट वापरले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस चामड्याचे, पायाला अधिक आधार देणारे बूट आले आणि खेळाडूंनी या कापडी बुटाकडे हळूहळू पाठ फिरविली. मात्र मैदानाने दूर सारलेल्या या बुटाला रस्त्याने उचलून धरले. स्वस्त, साधा आणि शिष्टाचाराला न जुमानणारा म्हणून तरुणांनी आणि रॉक गायकांनी तो आपलासा केला. १९७६ च्या ‘रॉकी’ चित्रपटातील मुष्टियोद्धा तो घालूनच धावतो. २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले, २००३ मध्ये नाइकीने ती विकत घेतली, तरी बुटाची मोहिनी ओसरली नाही. २०२० च्या निवडणूक प्रचारात कमला हॅरिस या पन्नाशी ओलांडलेल्या नेत्याही औपचारिक पोशाखावर तो घालून वावरल्या.

या कथेतून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे संकोच सोडावा. साडीवर किंवा धोतरावर बूट घातले तर लोक काय म्हणतील, या भिडेपोटी कित्येक ज्येष्ठ गुळगुळीत झालेल्या सपाता ओढत फिरतात आणि पडतात. उतारवयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला दीर्घकाळ परावलंबी करू शकते. खेळाचा बूट आता सर्व वयांचा व सर्व पोशाखांचा झाला आहे. त्या मोकळिकीचा लाभ आपणही घ्यावा.

दुसरी गोष्ट अशी की, बुटाची कीर्ती हे त्याच्या योग्यतेचे माप नव्हे. खेळाडूंनी तो सोडला, तो अधिक आधार देणारे बूट मिळाले म्हणून. त्याचा तळ सपाट आहे. टाच दुखणाऱ्यांना तो मानवेलच असे नाही आणि उंच बुटाच्या नाड्या वाकून बांधणे गुडघेदुखीत जिकिरीचे होते.

म्हणून बूट घेताना संध्याकाळी जावे. दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. वयानुसार पाऊल रुंदावते, तेव्हा जुन्या मापावर विसंबू नये. दोन्ही पायांत बूट घालून, उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. टाचेचा भाग घट्ट, तळ खरखरीत, पण फार जाड वा भुसभुशीत नसावा. वाकणे जमत नसेल, तर चिकटपट्टीचे बूट घ्यावेत.

घरातील मंडळींनी एवढे करावे: मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेली असेल, तर बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा किंवा शिवण टोचत नाही ना, हे पाहावे आणि रोज रात्री तळवे तपासावेत. लालसर डाग वा फोड दिसल्यास तो जोड बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.