पन्नाशी न गाठलेल्या गाड्या

कोल्हापुरात एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास रंकाळ्याच्या बाजूला फिरायला गेलात, तर एक मौज पाहायला मिळते. एकापाठोपाठ एक जुन्या मोटारी येऊन उभ्या राहतात. हातगिअरच्या फियाट, पोट सुटलेल्या गृहस्थासारखी अॅम्बेसेडर, एखादी जीप, नव्वदच्या दशकातली टाटा सिएरा आणि हल्ली सर्वांत जास्त संख्येने मारुती ८००. मालक उतरतात, आधी आपल्या गाडीभोवती एक चक्कर मारतात, मग शेजारच्याला बॉनेट उघडायला लावतात. चहा येतो. नऊच्या आत सगळे पांगतात, कारण घरी तांबडा-पांढरा रस्सा वाट पाहत असतो.

या जमण्याला नाव नाही, वर्गणी नाही, प्रमुख पाहुणे तर नाहीतच. शिरोलीचा एक फाउंड्रीवाला, दोन शाळामास्तर, एक दंतवैद्य, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पॉलिटेक्निकची तीन-चार मुले आणि मी, एवढाच परिवार. माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा फंडाच्या पैशांतून त्यांनी ती घेतली आणि पुढे वर्षभर आईने त्यांच्याशी बोलणे मोजकेच ठेवले. आज दोघेही नाहीत. गाडी आहे.

मोटारीचा शौक कोल्हापूरला नवा नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्यातील मंडळी मायबाख मोटारीतून दसरा चौकात येतात, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या गर्दीतले निम्मे डोळे त्या गाडीवर असतात. दिल्लीत ‘स्टेट्समन’ दैनिकाने १९६४ साली जुन्या मोटारींची रॅली सुरू केली; मुंबईतही अशा मिरवणुका निघतात. पण त्या गाड्या बहुतेक राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या. आपण फुटपाथवर उभे राहून त्या पाहायच्या. रंकाळ्याकाठच्या गाड्यांचे तसे नाही. त्या कुणाच्या तरी बारशाला, वरातीला आणि मध्यरात्री दवाखान्यात धावलेल्या आहेत. जुन्या गाडीचा शौक मध्यमवर्गाच्या अंगणात आला, ही गेल्या काही वर्षांतली घडामोड आहे आणि तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे, असे मला वाटते.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि तिचीच ‘पद्मिनी’ बाहेर पडू लागली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी अॅम्बेसेडरही थांबली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली होती; टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत मुंबईबाहेरच्या माणसांनाही चुटपुट लागली होती.

मी बँकेतला माणूस. ऐंशीच्या दशकात आमच्या शाखेत वाहनकर्ज म्हणजे टॅक्सी, टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर. पगारदाराने स्वतःला बसायला मोटार मागितली, तर व्यवस्थापक चष्म्यावरून पाहत. गाडी नजरगहाण करून घेताना आम्ही पहिला हिशेब करायचो तो घसाऱ्याचा. एक लाखाच्या गाडीवर घटत्या मूल्याच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा काढत गेलात, तर चाळीस वर्षांनी खातेवहीत उरतात सुमारे दीडशे रुपये. पण रंकाळ्याकाठी ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांतली एकही दीडशे रुपयांना, किंवा त्याच्या हजारपटीलाही, मिळणार नाही. ही वाढलेली किंमत पत्र्याची नसते. ती चालू ठेवणाऱ्या हातांची असते.

हे हात उद्यमनगरात आहेत. लेथवर एखादा बुश घासून द्यायचा, गॅस्केट कापायचे, कार्ब्युरेटर रॉकेलात धुऊन पुन्हा बसवायचा, बाजारात न मिळणारा सुटा भाग नमुना पाहून घडवायचा, ही कामे कुठल्याही कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात होत नाहीत. आमचे मिस्त्री आज सत्तरीच्या पुढे आहेत. ते म्हणतात, ‘‘सायेब, नव्या गाडीचं दुखणं कॉम्प्युटर सांगतोय. ही आपलं दुखणं स्वतःच सांगतीया, फकस्त कान द्यायला पायजे.’’ त्यांच्या दोन मुलांपैकी एक पुण्यात नोकरी करतो, दुसऱ्याने मोबाइलचे दुकान टाकले आहे. तेव्हा हा कान पुढे कुणाचा, हा प्रश्न आहेच.

आता कायद्याकडे येऊ. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीला ही मान्यता मिळते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते. पुढचे नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला नेता येते. देशाने जुन्या यंत्राला वारसा मानले, हे चांगलेच झाले.

पण पन्नाशीच्या आतल्यांचे काय? पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. उलट गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढली, तर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. म्हणजे विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत गाडीला सांगायचे की तू कचरा आहेस, आणि पन्नासाव्या वाढदिवशी तिच्या गळ्यात हार घालायचा! मधली तीस वर्षे ज्याला खर्च परवडेल त्याचीच गाडी त्या हारापर्यंत पोहोचेल. संस्थानिकांच्या गाड्या केव्हाच पोहोचल्या. मास्तरांची मारुती पोहोचेल का? सर्वांत पहिली मारुती ८०० देखील पन्नाशी गाठेल ती डिसेंबर २०३३ मध्ये.

या म्हणण्यावर वाचक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. जुनी गाडी धूर सोडते. माझ्या पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना तो १९९५ साली सक्तीचा झाला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीशेजारी ती उभी करायला मला संकोच वाटतो. माझ्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्यामुळे हवेच्या प्रश्नावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. पण वर्षाला सहा-सातशे किलोमीटर चालणारी गाडी आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावणारा जुना ट्रक यांना केवळ वयावरून एका मापाने मोजणे हा हिशेब कच्चा आहे. कर्ज देताना आम्ही कर्जदाराचे वय पाहायचो, तसा त्याचा व्यवहारही पाहायचो.

दुसरा आक्षेप आवाजाचा. या जमण्यात अधूनमधून काही पोरे सायलेन्सर बदललेल्या गाड्या घेऊन येतात आणि ॲक्सिलरेटर दाबून तळ्यावरचे पक्षी उठवतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येणार नाहीत. आम्ही म्हातारे त्यांना रागावतो. पण त्यांच्यातलाच एक मुलगा आजोबांची मारुती घेऊन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या गाडीचाही कानठळ्या बसवणारा आवाज होता. मिस्त्रींनी त्याला एवढेच विचारले, ‘‘आजोबा असाच आवाज काढायचे का रं?’’ पुढच्या वेळी मूळचा सायलेन्सर बसवलेला होता. पोलिसांच्या पावतीने जे साधले नसते, ते एका चहात साधले.

तिसरी अडचण आमच्याच शेतातून आलेली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ऊस आमचा, कारखाने आमचे, त्याचे चार पैसे शेतकऱ्याला मिळावेत, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करते. त्यासाठी योग्य रबराच्या नळ्या शोधणे, टाकी कोरडी ठेवणे, हे उपाय आम्ही रविवारीच एकमेकांकडून शिकलो.

माझी मागणी मोठी नाही. वीस ते पन्नास वर्षांच्या खासगी गाड्यांसाठी मर्यादित वापराची एक मधली नोंदणी असावी. वर्षाला ठरावीक किलोमीटर, धुराची तपासणी आजच्याहून कडक, आणि शुल्क सामान्य कुटुंबाला पेलेल इतके. जो धूर सोडेल त्याची गाडी थांबवा, जो निगा राखेल त्याला राखू द्या. आणि आयटीआयच्या मुलांना या मिस्त्रींच्या हाताखाली काही महिने बसवता आले, तर फारच उत्तम.

माझ्या गाडीचे नूतनीकरण २०२६ चे. मुलगा फोनवर म्हणतो, ‘‘बाबा, दहा हजार भरण्यापेक्षा आता सोडा तिला.’’ त्याचे गणित बरोबर आहे; ते मीच त्याला शिकवले. २०३६ मध्ये गाडी पन्नाशी गाठेल, तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन आणि मिस्त्री ऐंशीच्या पुढे. तरीही मी पैसे भरायचे ठरवले आहे.

गेल्या रविवारी मिस्त्रींनी फीलर गेज त्या मारुतीवाल्या मुलाच्या हातात दिला आणि माझ्या गाडीच्या पॉइंटचे अंतर त्याला लावायला सांगितले. त्याने लावले. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झाले, पण अडखळत. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, ‘‘परत.’’

मुलाने मुकाट्याने डिस्ट्रिब्युटरची कॅप पुन्हा उघडली.